अकरा किलोवॅटची अंघोळ

४ जानेवारी, शनिवार

बाबा आले! पहिल्या बसने. रविवारी येतो म्हणाले होते, शनिवारीच दारात उभे. "काम असलं की उद्यावर टाकू नये" – हे चहाच्या आधी ऐकवलं, चहानंतर पुन्हा ऐकवलं.

पिशवी एक. तीत दोन शर्ट, एक टेस्टर, तारेतला करंट मोजायचा चिमटा, पट्टी आणि टोक केलेल्या चार पेन्सिली. रेडिओ नाही. मी डोकावून आधी तेच पाहिलं. बाबांचा रेडिओ जिथे, तिथे बाबांचं घर. तो मागे ठेवून आले म्हणजे परत जाणार.

या माणसाला "राहायला या" म्हणायची सोय नाही. दोन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, एकदा सरळ म्हणून बघितलं होतं. "मी काय सामान आहे का, तुमच्याकडे आणून ठेवायला?" – आणि महिनाभर फोन उचलला नाही. मग गेल्याच नोव्हेंबरात त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गरम पाण्याची बादली शेगडीवरून बाथरूमकडे नेताना पडले. मनगट मोडलं. आम्हाला कळलं कधी? प्लास्टर निघाल्यावर! तेही खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून. आणखी एक बादली, आणखी एक घसरणं – मी हा विचार करत नाही. रोज करत नाही.

म्हणून या खेपेला डोकं चालवलं. "राहायला या" म्हटलंच नाही. म्हटलं, "बाबा, जरा लोड बघायला या." छत्तीस वर्षं वीज कार्यालयाच्या लोड विभागात काढलेला माणूस. मुंगीला साखरेचं आमंत्रण द्यावं तसं झालं.

आणि लोड काही मी कल्पनेतून काढलेला नाही. खोकं पॅसेजमध्ये पडलंय तीन आठवडे. जुना गीझर गळून गेला, तेव्हा नवऱ्याने आमच्यापैकी कुणालाही न विचारता हे पाणी तापवायचं यंत्र आणलं. टाकी नाही, वाट बघणं नाही, नळ सोडला की गरम पाणी, कितीही! खोक्यावर एक सुंदर बाई न्हाऊन हसते आहे. वायरमन आला, खोकं बघितलं, मेन स्विच बघितला आणि म्हणाला, "बसेल. पण नळ सोडला की घरातले दिवे जातील."

बाबा त्या खोक्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि बाजूची अक्षरं मोठ्यांदा वाचली. "अकरा किलोवॅट." चष्मा काढला. "जावईबापू, अंघोळ करायची आहे की लोखंड वितळवायचंय?"

नवरा भूगोल शिकवतो. जगातल्या सगळ्या नद्या तोंडपाठ, घरातला फ्यूज कुठे ते ठाऊक नाही.

"हिशोब होईपर्यंत आहे मी," बाबा म्हणाले. "चार दिवस. फार तर पाच."

५ जानेवारी, रविवार

सकाळी बादलीचा कार्यक्रम. बाबांनी शॉवरखाली बारा लिटरची बादली ठेवली आणि घड्याळ लावलं. दोन मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला सहा लिटर. मग नळाच्या पाण्यात थर्मामीटर – चौदा. मग शेगडीवरचं पाणी थोडंथोडं मिसळत, कोपर बुडवून बघत राहिले, आणि पुरे म्हणाले तिथे थर्मामीटर – चाळीस.

"सव्वीस अंश वाढवायचे. सहा गुणिले सव्वीस, गुणिले शून्य पूर्णांक शून्य सात." तोंडीच केलं. "अकराला जरा कमी. जावईबापू, अभिनंदन! तुम्ही आंधळ्याने दगड मारावा तसा मारलात, पण आंबा पडला."

नवऱ्याची छाती फुगली. टोमण्यातलं अभिनंदन तेवढं वेचून घ्यायची कला लग्नाच्या सव्वीस वर्षांत अवगत झाली आहे त्याला.

लेक म्हणाली, "आजोबा, चाळीस म्हणजे भाजेल. मला छत्तीस पुरतं."

"धरावं जरा जास्तच," बाबा म्हणाले.

६ जानेवारी, सोमवार

आज स्तंभाचा दिवस. दर सोमवारी साप्ताहिकाला आठशे शब्द द्यायचे, लोकांच्या मूर्खपणावर. विषयाची टंचाई कधीच पडत नाही, वेळेची पडते. मधेच बाबा कागद घेऊन आले. "सही कर. कनेक्शन तुझ्या नावावर आहे. लोड वाढवायचा अर्ज."

वाक्य अर्धं राहिलं होतं. बघितलं न बघितलं, सह्या ठोकल्या – एक इथे, एक मागे, एक खाली.

"आणि उपकरणांची यादी?"

"यादी काय, मागाहूनही जोडता येते."

वा! यादीशिवायचा अर्ज खिडकीतून परत फेकण्याबद्दल ज्यांची ख्याती होती, ते हे बोलतात. निवृत्तीने माणूस सैल होतो, हेच खरं. दुसरा शर्ट – इस्त्रीचा – घालून स्वतः कार्यालयात जाऊन आले. खिडकीवरच्या मुलीने ओळखलं नाही म्हणून थोडे हिरमुसले; तिने अर्ज एका फटक्यात घेतला म्हणून थोडे खूश.

"वीस-बावीस दिवस लावतील," म्हणाले. "आमच्या वेळी पंधरा लागायचे."

म्हणजे तेवढे दिवस – ? बोललं की बिघडतं.

७ जानेवारी, मंगळवार

"मी कशाला थांबू त्यासाठी? हिशोब झाला की निघालो." – न विचारताच!

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी साडेसातला बाबा पॅसेजच्या मधोमध खुर्ची टाकून बसतात. मांडीवर वही. घरातला प्रत्येक माणूस कुठलं बटण केव्हा दाबतो, याची नोंद. जणू पाळतीवर.

समजावून सांगितलं आम्हाला. घरात काय काय आहे, ते महत्त्वाचं नाही. एकाच वेळी काय काय चालतं, ते महत्त्वाचं. साडेसातला लेकीचा केस वाळवायचा ड्रायर, अठराशे वॅट. माझी किटली, पंधराशे. नवऱ्याची इस्त्री, हजार – हा रोज शाळेला निघताना फक्त कॉलर आणि पुढची पट्टी इस्त्री करतो, पाठ चुरगळलेलीच. मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहितो, हे अजून लक्षात आलं नाही. वर फ्रिज, दिवे, किरकोळ, पाचशे. एकूण चार हजार आठशे. त्यात यंत्राचे अकरा हजार.

"एकोणसत्तर अँपिअर. आणि तुमचा मेन चाळीसचा." चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. "चाळीस माणसांच्या दारातून एकोणसत्तर जण एकदम घुसले तर काय होतं?"

"चेंगराचेंगरी," लेक म्हणाली.

"आणि चौकट जळते. म्हणून तीन दारं हवीत. तीन फेज. यंत्र तिन्हींवर वाटलं की प्रत्येकावर सोळा. बाकीचं घर उरलेल्या जागेत आरामात."

हा माणूस माझ्या लहानपणी मला कधीच काही समजावून सांगत नसे. "आईला विचार" – संपलं. आता नातीला तीन दारं काढून दाखवतो, वहीच्या मागच्या पानावर, बिजागरांसकट.

दुपारी यादी फ्रिजवर चिकटवली. "ही घरच्यांसाठी." सुरेख अक्षर, खोलीवार. स्वयंपाकघर. बैठक. मोठी खोली. नातीची खोली. आणि शेवटी: मागची खोली – तिच्यापुढे आडवी रेघ.

"बाबा, तिथे दिवा आहे, पंखा आहे. तुम्ही झोपता तिथे!"

"पाहुण्याचा लोड धरत नाहीत."

सांगितलं तेही कागदाकडे बघत. मी किटली लावली. पंधराशे वॅट.

१० जानेवारी, शुक्रवार

दादाचा फोन. माझा थोरला भाऊ, दूरच्या शहरातून, सल्ल्याचा घाऊक पुरवठादार. "अगं, सरळ विचार ना त्यांना. ते काय खातात का तुला?"

"तू विचार."

"मी इथून काय विचारू?"

हो ना. लांबून रस्ता नेहमी सरळच दिसतो.

१२ जानेवारी, रविवार

सुचलं! अंघोळ करताना सुचलं – म्हणजे शेगडीवरच्या अर्ध्या बादलीने जी काही होते, तिला अंघोळ म्हणायचं तर. हिशोब झाला की बाबा जाणार. म्हणजे हिशोब होता कामा नये. यादी जितकी लांब, तितका बाबांचा मुक्काम लांब. पन्नाशी ओलांडलेल्या, चार पुस्तकं छापलेल्या बाईला हे सुचायला आठ दिवस लागले.

शेजारणीकडे गेले. तिच्या माळ्यावर मोटरवालं शिवणयंत्र आहे, तिच्या सासूचं. "चार दिवस दे." "तू शिवणार?" ती इतकी हसली की तिचा नवरा बाहेर बघायला आला.

बाबांसमोर नेऊन ठेवलं. "हे राहिलंच होतं यादीत."

बाबांनी मशीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. "तुला सुई ओवता येत नाही."

"शिकणार आहे."

पेन्सिलीला टोक केलं. जुना कागद काढला, नवा लावला. शंभर वॅट. अख्खी दुपार गेली! असं समाधान मला पुस्तक छापून आल्यावरही झालं नव्हतं.

१५ जानेवारी, बुधवार

घर सामील झालंय. मी कुणाला सांगितलं नव्हतं. तोंडावर लिहिलेलं असणार. नवऱ्याने शाळेतून एक खोली गरम करायचा हीटर आणला, दोन हजारचा, शिक्षकांच्या खोलीतून उचललेला. (तिकडे सगळे शिकवणं सोडून त्यालाच शिव्या घालत असतील.) लेकीने जाहीर केलं की ती विजेवरची सायकल घेणार आहे आणि रोज सकाळी साडेसातलाच चार्जिंगला लावणार आहे.

"साडेसातला? आठला तर तू निघतेस कॉलेजला, सायकल घेऊन."

"...आठवड्यातून दोनदा चालत जाईन."

बाबांनी नोंद केली: "सायकल – नियोजित." पुन्हा बेरीज. पुन्हा तीन दारांत वाटणी. पहिल्या दाराशी गर्दी झाली म्हणून हीटर तिसऱ्या दाराला हलवला. मग तिसऱ्यावर किटली जड झाली. संध्याकाळपर्यंत वाटतच होते, शीळ घालत. बाबा शीळ घालतात! मला ठाऊकच नव्हतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

वायरमन येऊन गेला. याचं नाव आम्ही घरात "सावकाश" ठेवलंय. काहीही विचारा, "होईल, सावकाश." बाबा त्याला तार किती जाडीची घ्यायची ते सांगत होते आणि तो मान हलवत होता. मग यादी वाचून म्हणाला, "आजोबा, चाळीस अंश धरलेत. हे म्हाताऱ्या माणसाचं पाणी झालं. या तिघांना अडतीसही पुष्कळ."

"तू तारेचं बघ."

"बघतो. सावकाश."

ज्या माणसाने आयुष्यात कधी एक वॅट जास्त लिहिला नाही, तो दोन अंश उगाच जास्त धरतो? वय झालं बाबांचं. त्यांच्या चुका काढायची सवय नाही मला. संधीच मिळाली नव्हती कधी.

२० जानेवारी, सोमवार

स्तंभ दिला. पाठवायच्या आधी बाबांनी वाचला. "लिहितेस बरं. पण मोजत नाहीस. 'हजारो लोक' लिहिलंयस. किती हजार?"

"बाबा, विनोद आहे तो."

"विनोदालाही आकडा लागतो."

कापून "साडेतीन हजार" केलं. जास्त विनोदी झालं! डोकं आपटावंसं वाटलं.

२१ जानेवारी, मंगळवार

सतरा दिवस झाले. बाबांचं मनगट सकाळी आखडतं, हे सतरा दिवसांत बघितलं. बरणीचं झाकण नातीकडे सरकवतात, "बघू तुझी ताकद" म्हणून. ती उघडून देते. दोघंही एकमेकांना फसवतात, आणि दोघांनाही ते ठाऊक आहे.

आणि हेही बघितलं: संध्याकाळी सातला, बातम्यांच्या वेळेला, बाबांचा हात आपसूक डावीकडे जातो. तिकडे रेडिओ नसतो. मग तोच हात डोक्यावरून फिरवतात.

लेकीने फोनवर बातम्या लावून दिल्या. दोन मिनिटं ऐकल्या. "हा माणूस खूप जवळून बोलतो," म्हणाले आणि बंद करायला लावल्या.

२३ जानेवारी, गुरुवार

संपलं. आज बाबांनी पेन्सिली पिशवीत टाकल्या.

"हिशोब पक्का झाला. आता बसवणं, ते सावकाशचं काम. मंगळवारची साडेअकराची बस आहे."

मी ताबडतोब म्हटलं, "ओव्हन घ्यायचा विचार आहे. मोठा."

"किती वॅटचा?"

"बा– बावीसशे."

पेन्सिल बाहेर आली. मला हायसं वाटलं. उभ्या उभ्याच, पाच मिनिटांत, कागदाच्या कडेला बेरीज केली. "बसतो. तीन फेजमध्ये तुझा ओव्हन, तुझी शिलाई, सगळं बसतं. आता तू लिफ्ट आणलीस तरी हरकत नाही." पेन्सिल परत पिशवीत.

इतकं चोख काम करतात म्हणून राग यावा, असा हा एकच माणूस माझ्या ओळखीचा.

२५ जानेवारी, शनिवार

शिवणयंत्र परत केलं. शेजारीण म्हणाली, "काय शिवलंस?" म्हटलं, "वीस दिवस."

तरी खरं सांगायचं तर, मजेत गेले. घरात चार ताटं. सकाळी खोकला ऐकू आला की कुणीतरी आपल्या आधी उठलंय, हे बरं वाटतं. पन्नाशीतल्या बाईलाही.

२७ जानेवारी, सोमवार

स्तंभ आज दिला नाही. पहिल्यांदाच. कळवलं, "तब्येत." साप्ताहिकवाल्या बिचाऱ्यांनी फूल पाठवलं, फोनवर, हलणारं.

बाबा मागच्या खोलीत चादरीची घडी करत होते. मी दाराशी उभी राहिले. दुसऱ्यांच्या मूर्खपणावर आठवड्याला आठशे शब्द लिहिणारी बाई, तिला सहा शब्द जमेनात. मग एकदम बोलून टाकलं. "बाबा, शिवणयंत्र शेजारणीचं होतं."

"त्याच्यावर तिच्या सासूचं नाव कोरलंय," बाबा म्हणाले. "इंचभर अक्षरात."

"ओव्हन घेणार नाही आहोत आम्ही."

"ते बरं. तुला भाजायला येत नाही."

"बाबा, जाऊ नका ना. इथेच राहा. या खोलीत."

झालं. म्हणून झालं. महिनाभराचा अबोला डोळ्यांसमोर आला.

चादरीची घडी पुरी केली. कडेला कडा, कोपऱ्याला कोपरा. मग म्हणाले, "उद्याची बस साडेअकराचीच ना?"

२८ जानेवारी, मंगळवार

सावकाश आज सकाळी दहालाच हजर, जन्मात पहिल्यांदा वेळेच्या आधी, हातात मंजुरीचं पत्र. तीन फेज मिळाले. पत्राला आमच्याच अर्जाची प्रत टाचलेली: बाबांचं अक्षर, माझ्या न वाचता ठोकलेल्या सह्या, तारीख सहा जानेवारी. आणि मागे यादी! जोडलेलीच होती. शिवणयंत्र नाही, ओव्हन नाही, सायकल नाही. शेवटची ओळ: "मागची खोली (वडील, कायमचे) – दिवा १, पंखा १, रेडिओ १."

मी कागद घेऊन धावले. बाबा दारात चपला घालत होते, खांद्याला पिशवी. रिकामी! दोन्ही शर्ट आत खुंटीला.

"मग निघालात कुठे?"

"रेडिओ आणायला. बावीस दिवस झाले, यादीत लिहिलाय आणि घरात नाही. खोटी यादी मी कधी दिलेली नाही."